सोलर कारंजं आणि मावशीच्या हौदातले मासे

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय: 'बागेतल्या हौदात सोलर कारंजं सोडा. रात्रंदिवस फुकट चालतं, माशांना एअर पंप लागत नाही, डास होत नाहीत, वीजबिल निम्मं.' फुलेवाडीच्या मावशीनं तो वाचला, कारंजं आणलं आणि एअर पंप काढून माळ्यावर टाकला. चौथ्या दिवशी पहाटे साडेपाचला तिचा फोन आला. जाऊन बघतो तर मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकत होते आणि तीन उलटे तरंगत होते. सहा वर्षं जपलेले मासे!

'रात्रंदिवस' हे धादांत खोटं आहे. या तरंगत्या कारंज्यात बहुधा बॅटरी नसतेच. ऊन पडलं की उडतं, सावली आली की थांबतं. आणि माशांना हवेची खरी गरज रात्रीच असते. हौदातलं शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं, अंधार पडला की तेही माशांसारखं ऑक्सिजन ओढायला लागतं. त्यामुळं पाण्यातला ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो तो पहाटे. त्यात एप्रिलचं पाणी. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांना साडेसातच. पाणी हिरवंगार, मासे भरपूर आणि पंप माळ्यावर. दुसरं काय होणार होतं?

आता बिल. छोटा एअर पंप 5 वॅटचा. चोवीस तास चालवला तरी महिन्याला 3.6 युनिट. यानं बिल निम्मं कसं होईल? चार युनिटसुद्धा वाचले नाहीत आणि त्यापायी मासे घालवले.

पावसाळ्याचं तर बोलायलाच नको. पॅनलवर छापलेले वॅट चौरस मीटरला 1000 वॅट ऊन धरून मोजलेले असतात. जुलैत कोल्हापुरात पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली असतो तेव्हा आपल्याकडं तेवढं ऊन कुठलं? दाट ढगात पॅनल दहा-वीस टक्क्यांवर येतं, कारंज्याचा पंप सुरूच होत नाही.

डासांचं अर्धं खरं आहे, तेवढं मान्य. हलत्या पाण्यात डास अंडी घालायला टाळतात. पण डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठ-दहा दिवस पुरतात. झडीत कारंजं तेवढे दिवस बंद पडलं की संपलं. त्यापेक्षा हौदात गप्पी मासे सोडा, ऊन असो वा नसो, ते डासांच्या अळ्या खातात.

कारंजं काढ असं मी मावशीला सांगितलेलं नाही. पाण्याजवळ 230 व्होल्टची वायर नको, हा त्याचा फायदा खरा आहे, आणि दुपारी ते दिसतंही छान. एअर पंप मात्र त्याच दिवशी माळ्यावरून काढून परत लावला, वायर उंचावरून घेतली. लाईट गेली तर म्हणून बॅटरीवरचा एक छोटा पंपही आणून ठेवलाय. उरलेले पाच मासे आता पहाटे तळाशी फिरताना दिसतात.