मुंबई–गोवा २७ मिनिटांत? तो मेसेज पुढे पाठवू नका

गणपती जवळ आले की चाकरमान्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो सावंतवाडीला आमच्या आत्याकडे पोचला आणि तिने तो खरा मानून मुलाला मुंबईला फोनही केला, म्हणून हे लिहितोय. मेसेज असा: मुंबई–गोवा हवाई अंतर फक्त ४०० किलोमीटर, विमानाचा वेग ताशी ९००, म्हणजे प्रवास २७ मिनिटांचा. कंपन्या मुद्दाम घिरट्या घालून सव्वा तास लावतात आणि भाडं उकळतात. विमानतळावर अर्धा तास आधी गेलं तरी पुरे. आणि गोव्याचं कुठलंही तिकीट काढा, सावंतवाडीला सारखंच.

अंतर साधारण बरोबर आहे, तेवढं मान्य. गोव्यात विमानतळ दोन, मोपा आणि दाबोळी. मुंबई ते मोपा सरळ रेषेत ३९० किलोमीटरच्या आसपास भरतं, दाबोळी थोडं पुढे.

पण तिकिटावरचा सव्वा तास म्हणजे हवेतला वेळ नव्हेच. आयकाओ ही विमान वाहतुकीची आंतरराष्ट्रीय संघटना. तिच्या परिशिष्ट ६ मध्ये उड्डाणवेळेची व्याख्याच दिली आहे: उड्डाणासाठी विमान जागचं हललं तिथपासून ते शेवटी पूर्ण थांबेपर्यंत. वेळापत्रकही असंच, गेटपासून गेटपर्यंतचं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि विमानं रांगेत उभी राहतात. वर गेल्यावरही १०,००० फुटांखाली वेगमर्यादा २५० नॉट, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटर. ९०० चा वेग खूप उंचावर मिळतो, आणि एवढ्या जवळच्या प्रवासात विमान तिथे स्थिरावतंय तोच उतरायची तयारी सुरू होते. घिरट्या घालाव्या लागतात त्या धावपट्टी मोकळी नसते किंवा पावसाने काही दिसत नसतं म्हणून. त्या वेळी जळणारं इंधन कंपनीच्याच खिशातून जातं, आणि इंधन हा तिच्या सर्वांत मोठ्या खर्चांपैकी एक. त्यात कसली आलीय कमाई?

अर्धा तास आधी जाण्याचा सल्ला तर निव्वळ घातक आहे. देशांतर्गत विमानाचं चेक-इन काउंटर साधारण ६० मिनिटं आधीच बंद होतं. चतुर्थीच्या आदल्या दिवशी विमान चुकलं तर पुढचं तिकीट कुठल्या भावाने मिळेल, याचा विचार मेसेज लिहिणाऱ्याने केलेला दिसत नाही.

आणि ‘कुठलंही गोवा’? मोपा पेडणे तालुक्यात, आपल्या बांद्याला लागून. दाबोळी वास्कोजवळ, तिथून सावंतवाडीला यायचं तर आधी जुवारीचा पूल, मग मांडवीचा, मग कोलवाळचा. सामान आणि लहान मुलं घेऊन, भर पावसात. तिकीट काढताना मोपाचा कोड जीओएक्स आहे ना, हे बघा. जीओआय म्हणजे दाबोळी. आत्याच्या मुलाने जीओआयचं काढलं होतं, ते बदलायला लावलंय.