लिलावातला फ्लॅट स्वस्त का असतो, ते आधी विचारा

आमच्या भावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच विषय, कर्ज थकलं म्हणून बँकेने लिलावात काढलेले फ्लॅट. कांदिवली, मालाड, दहिसर, रोज कुणीतरी यादी टाकतं, खाली "मार्केटपेक्षा 25 टक्के स्वस्त!!" आणि मग निम्मे म्हणतात उचला लगेच, निम्मे (मुख्यतः माम्या आणि आत्या) म्हणतात दुसऱ्याचा तळतळाट कशाला घरात आणायचा. मध्येच मला टॅग करतात कारण मी क्लीव्हलंडला राहतो आणि अमेरिकेत हे सगळं फार चालतं अशी समजूत आहे.

चालतं, खरंय. 2008 च्या मंदीच्या आगेमागे इथल्या स्लाव्हिक व्हिलेज भागात कर्जं थकून गल्लीच्या गल्ल्या ओस पडल्या होत्या, अशी घरं ताब्यात घेऊन पाडायला नाहीतर विकायला 2009 मध्ये काउंटीला (म्हणजे इथल्या जिल्ह्याला) लँड बँक नावाची संस्था काढावी लागली. पण "पडकं घर घ्या, रंगवा, विका" असले इकडचे व्हिडिओ बघून कुणी मुंबईत उडी मारणार असेल तर थांबा जरा. इकडचं दुखणं घरात असतं, तिकडचं कागदात आणि आत बसलेल्या माणसात.

माझ्या ओळखीतला एक जण इकडे असं पडकं घर घ्यायला निघाला होता, मीही बघायला गेलो. तळघरात उतरलो तर तांब्याचे पाइप कापून नेलेले, भिंतीला नुसती भोकं, फर्नेसच्या (घर गरम ठेवणाऱ्या भट्टीच्या) जागी जमिनीवर गंजाचा चौकोन. घर 1978 च्या आधीचं, म्हणजे जुन्या रंगात शिसं असणार हे धरूनच चालायचं. भयंकर वाटतं ना? पण हे सगळं डोळ्याला दिसतं, कंत्राटदार आणला की आकडा निघतो, टॅक्स किती थकलाय आणि गहाण कुणाकडे आहे ते काउंटीच्या वेबसाइटवर फुकटात बघता येतं. (शेरीफच्या, म्हणजे कोर्टाच्या हुकमाने होणाऱ्या, लिलावात मात्र आधी घराच्या आत जाता येत नाही, ते नवख्याचं काम नाहीच.)

मुंबईत उलटं. फ्लॅट चकाचक, किचन मॉड्युलर, आणि आत कुटुंब राहतंय. नवशक्ती पेपरात लिलावाच्या जाहिरातींची पानंच्या पानं असतात ती नीट वाचा. "सांकेतिक ताबा" लिहिलं असेल तर बँकेने फक्त दारावर नोटीस चिकटवलीय, चावी तिच्याकडे नाही. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँकेला सरफेसी, म्हणजे बँकांच्या कर्जवसुलीच्या, कायद्याच्या कलम 14 खाली मॅजिस्ट्रेटकडे जावं लागतं, दरम्यान कर्जदार डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) गेला तर तारखा सुरू. आणि "जसे आहे जेथे आहे" लिहून बँकेने आधीच हात झटकलेले असतात, सोसायटीचा थकलेला मेंटेनन्स, मालमत्ता कर, कधी लाइटबिलसुद्धा तुमच्या गळ्यात.

त्यात पैशाची घाई. समजा 1 कोटीला बोली लागली. 25 टक्के, अनामत धरून, त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी. उरलेले 75 लाख विक्री कन्फर्म झाल्यापासून 15 दिवसांत, बँकेने लेखी मुदत वाढवली तरी तीन महिन्यांच्या वर नाही. नाही जमलं तर भरलेले जप्त. वर साधारण 6 लाख स्टॅम्प ड्युटी. होम लोनची फाइल तेवढ्यात हलते का ते ज्याने काढलंय त्याला विचारा. ती 25 टक्के सूट म्हणजे या सगळ्या हेलपाट्यांची मजुरी आहे, बँक काही खैरात वाटत नाही.

मला मामीचं कारण पटत नाही, पण सल्ला पटतो. हप्ते थकले, बँकेने वसुली केली, यात घेणाऱ्याला कसला शाप. फक्त पोरांची दप्तरं बाहेर ठेवणाऱ्या कोर्टाच्या माणसांबरोबर जिन्यात उभं राहायची तयारी आपल्यातल्या कुणाची आहे ते सांगा.

त्यापेक्षा लिलावाच्या आधीचा माणूस गाठा. हप्ता 90 दिवस थकला की खातं एनपीए (बुडीत जाऊ शकणारं कर्ज) होतं, मग 60 दिवसांची नोटीस येते, त्या काळात मालक स्वतःच गिऱ्हाईक शोधत असतो आणि एरियातल्या एजंटला, सोसायटीच्या सेक्रेटरीला ते बरोबर ठाऊक असतं. बँकेकडून बाकी रकमेचं पत्र घ्यायचं, तेवढा पैसा थेट लोन खात्यात भरायचा, उरलेला मालकाला, मूळ कागद आणि एनओसी बँकेकडून कशी नि कधी मिळणार ते आधीच लेखी ठरवायचं. वकिलाकडून मालकीच्या कागदांचा 30 वर्षांचा सर्च, पेपरात जाहीर नोटीस, सोसायटीचं थकबाकीचं पत्र, हे टाळायचं नाही. सूट कमी मिळेल, पण मालक स्वतः चावी देतो आणि त्याच्याही हातात चार पैसे उरतात.

राहता राहिले माझे डॉलर. एनआरआयला फ्लॅट घ्यायला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही, ते सोपं आहे. पण तो भाड्याने दिला की भाडेकरूने माझ्या भाड्यातून 30 टक्क्यांच्या वर टीडीएस कापून सरकारकडे कर म्हणून भरायचा असतो, आणि ते करायला राजी होणारा भाडेकरू मुंबईत शोधून दाखवा. म्हणून मी दादाला म्हटलं, मी जमेल तेवढा हातभार लावतो पण नाव माझं नको, वहिनीच्या एकटीच्या नावावर घे, स्टॅम्प ड्युटीत 1 टक्का तरी वाचेल. त्यावर दादाने अजून उत्तर दिलेलं नाही, वहिनीने मात्र लगेच अंगठा टाकलाय.