वजा ३७ रायडर ऑनलाइन : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

सर्व्हरवर किती जण ऑनलाइन आहेत ते मोजण्याच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. ‘साहेब’ या शब्दातला टोमणाही पोचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : चार सर्व्हरवर मिळून किती जण जोडलेले आहेत हे कळायला रेडिसमध्ये (सगळ्या सर्व्हरनी मिळून वापरायचा, मेमरीत चालणारा डेटाबेस) एक काउंटर पुरतो. कनेक्शन आलं की एक वाढवा, गेलं की एक कमी करा, लोड बॅलन्सरवर (येणाऱ्यांना सर्व्हरांमध्ये वाटून देणाऱ्यावर) स्टिकी सेशन लावा, म्हणजे एकच माणूस दर वेळी त्याच सर्व्हरवर जाईल. मी मात्र हार्टबीट (मोबाइलने ठरावीक वेळाने ‘मी आहे’ असं कळवणं) आणि मुदतींचा (वेळेत नवी न केलेली नोंद आपोआप बाद) पसारा मांडला, आणि वर वीस हजार मोबाइलांचे हार्टबीट रेडिसवर आदळवले.

शेवटचा मुद्दा तुमचा बरोबर आहे, त्याकडे येतो. काउंटरचं मात्र पटत नाही, कारण तो उद्योग मी स्वतः करून बसलोय.

अंधेरीत एका डिलिव्हरी कंपनीत होतो. भिंतीवर स्क्रीन, त्यावर ‘ऑनलाइन रायडर’, मागे अगदी तुम्ही सांगता तसाच काउंटर. जुलैतल्या एका रात्री चारपैकी एक सर्व्हर मेमरी संपून मेला. त्याच्यावरचे रायडर उरलेल्या तिघांवर येऊन जोडले गेले, काउंटर वाढला. मेलेल्या सर्व्हरने कमी करायचं ते केलंच नाही. मरणारा रजेचा अर्ज टाकून जात नाही. मग आम्ही शहाणपणा केला : सर्व्हर उठला की काउंटर शून्यावर. बाकी तिघांवरचे लोक ड्युटी संपवून निघाले तसतसा आकडा खाली खाली. पहाटे साडेतीनला स्क्रीनवर वजा ३७. ऑपरेशन्सच्या मॅडमनी फोटो काढून ग्रुपवर टाकला, तो अजून फिरतो.

काउंटरला बेरीज-वजाबाकी येते, कोण आहे ते ठाऊक नसतं. म्हणून एकदा चुकला की आपणहून सुधारत नाही. आमच्या सोसायटीच्या गेटवरही तेच. आत येताना वॉचमन रजिस्टरमध्ये सही घेतो, जाताना ‘आउट टाइम’ कोणी भरत नाही. त्या रजिस्टरवर विश्वास ठेवला तर बी विंगमध्ये गेल्या गणपतीपासून शेकडो पाहुणे मुक्कामाला आहेत.

‘क्लायंट गेला की टीसीपी सांगतंच,’ असं तुम्ही लिहिलंय. क्लायंट म्हणजे इथे रायडरचा मोबाइल, आणि टीसीपी म्हणजे दोन यंत्रांमधलं कनेक्शन सांभाळणारी व्यवस्था. रीतसर निरोप घेऊन गेलेल्याचं सांगतं. रायडर लिफ्टमध्ये शिरला, वाय-फाय सोडून मोबाइल डेटावर गेला, बॅटरी संपली, तर समोरून काहीच येत नाही आणि सर्व्हरच्या लेखी तो जागेवरच असतो. लिनक्समध्ये टीसीपी कीपअलाइव्हची, म्हणजे ‘आहेस का?’ अशी, पहिली चौकशी मुळात ७,२०० सेकंदांनी होते, तीही प्रोग्रामने ती सोय चालू केली असेल तर. दोन तासांत विरारचा माणूस चर्चगेटला उतरून चहा पिऊन मोकळा होतो. वेबसॉकेटच्या (मोबाइल आणि सर्व्हरमधलं सतत उघडं राहणारं कनेक्शन) २०११च्या प्रमाणकात, आरएफसी ६४५५मध्ये, पिंग-पाँग (एकाने हाक, दुसऱ्याने ओ) उगाच दिलेलं नाही.

स्टिकी सेशनचा इथे संबंधच नाही. वेबसॉकेट एकदा उघडलं की बंद होईपर्यंत त्याच सर्व्हरवर राहतं. स्टिकी लागतं लाँग पोलिंगला (क्लायंट पुन्हा पुन्हा नवी विनंती पाठवतो ती पद्धत), आणि तेही कोणाला कुठे पाठवायचं एवढंच बघतं.

आता तुमचा बरोबर मुद्दा. वीस हजार मोबाइल, दर वीस सेकंदांनी हार्टबीट, म्हणजे सेकंदाला हजार नोंदी. रेडिस तेवढ्याने आडवं होत नाही, ते तुम्ही ताणलंत. पण उधळपट्टी आहे, कबूल. पिंग करायचं काम ज्याच्या त्याच्या सर्व्हरने करावं आणि त्याचा हिशोब स्वतःच्याच मेमरीत ठेवावा. रेडिसमध्ये प्रत्येक सर्व्हरची वेगळी यादी, आणि कनेक्शन आलं किंवा गेलं तरच तिला हात लावायचा. शिवाय दर दहा सेकंदांनी सर्व्हरने ‘मी जिवंत आहे’ ही एकच नोंद तीस सेकंदांच्या मुदतीने नवी करायची. म्हणजे हार्टबीटपोटी दहा सेकंदांत जेमतेम चार नोंदी. सर्व्हर मेला की मुदत संपते, मोजताना त्याची अख्खी यादी बाद.

यात एक खोच आहे, आणि तिने माझा आठवडा खाल्लाय. सर्व्हर पुन्हा उठताना नवा आयडी घेऊनच उठला पाहिजे. जुन्याच आयडीने उठला तर जुनी यादीही त्याच्याबरोबर उठते, भुतांसकट. यादीत नोंद कनेक्शनची ठेवा, माणसाची नको. नाहीतर दोन टॅब उघडणाऱ्याने एक बंद केला की तो दोन्हीकडून गायब.

आणि नुसता आकडाच हवा असेल तर यादीचीही गरज नाही. प्रत्येक सर्व्हरने आपला आकडा मुदतीसह आपल्या नोंदीत लिहावा, बघणाऱ्याने बेरीज करावी. हा तुमचाच काउंटर, फक्त चौघांनी एकाच पाटीवर खडू चालवायचा नाही. आमचं तेवढ्यावर भागत नव्हतं : ऑर्डर आली की अमुक रायडर कुठल्या सर्व्हरवर आहे हे कळल्याशिवाय ती त्याच्यापर्यंत जाणार कशी?

मूळ लेखातला हार्टबीटचा भाग आज रात्री बदलतो, सुधारणा तुमच्या प्रतिक्रियेमुळे असं लिहूनच. तुम्ही एवढं करा : टेस्टिंगच्या चार सर्व्हरपैकी एकाला ‘किल -९’ (प्रोग्राम जागच्या जागी मारणारी आज्ञा) मारा आणि तुमचा काउंटर काय म्हणतो ते इथेच कळवा.