बघितलं का? नाही. मग बोलायलात कशाला?

काल संध्याकाळी टपरीवर परत तेच. चहाला अजून उकळी यायची होती, तेवढ्यात मोंढ्यातला आमचा आडत्या दोस्त म्हणाला, "ते एक्स-फाइल्स पुन्हा नव्यानं काढायलेत म्हणे. वाटोळं करणार बघ."

मी विचारलं, काय बघितलंस तू त्यातलं?

"काहीच नाही. पण जुनी जोडी नाही ना त्यात!"

पलीकडच्या बाकावरचे मास्तर लगेच उसळले. "जुन्यात तरी काय सोनं लागलं होतं? अंधारात बॅटऱ्या घेऊन नुसतं फिरायचे दोघं!" झालं. अर्धा तास दोघं हमरीतुमरीवर. एक्स-फाइल्स म्हणजे परग्रहवाले, भुताटकी असल्या केसेसचा तपास करणाऱ्या मुल्डर आणि स्कली ह्या दोन एफबीआय एजंटांची जुनी अमेरिकन मालिका. रायन कूगलर नावाचा दिग्दर्शक ती नव्यानं करायला घेतोय, एवढीच काय ती खबर. परभणीत कुणी त्याचा एक सीन पाहिलेला नाही, पण गावात दोन तट पडून मोकळे. जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणतात ते उगं नाही.

आणि ह्या दोघांना सांगून ठेवतो, मी ही मालिका केबलवर बघितलेला माणूस आहे. १९९३ ला अमेरिकेत सुरू झाली, आमच्याकडं यायला वेळ लागला. आली तेव्हा अर्धं इंग्रजी डोक्यावरून जायचं, उरलेलं अर्धं लाईट जायची म्हणून. खुनी कोण, परग्रहावरचे खरंच आले का, हे कळायच्या ऐन टायमाला पंखा थांबायचा. मग आम्ही गच्चीवर पडून शेवट आपल्या मनानं रचायचो. स्कलीला आमच्यात कुणी स्कली म्हणत नव्हतं, 'मॅडम' म्हणायचे. मॅडम डॉक्टर, पुरावा मागायच्या. मुल्डर दिसेल त्यावर विश्वास ठेवायला तयार. आमच्या वाड्यात अशी जोडी घरोघर होती, फक्त तिथं विषय भुताचा आणि भानामतीचा असायचा.

२००२ ला नऊ सीझन करून ती बंद झाली. मग २०१६ च्या जानेवारीत परत आली, फक्त सहा भाग. हेच दोघं, मालिका काढणारा हाच ख्रिस कार्टर. तेव्हापासून माझ्या डोक्याला ताप आहे.

कारण ते सहा भाग एकसारखे नव्हतेच हो! पहिला भाग बघून मी स्वतः कपाळाला हात लावला. एवढ्या वर्षांची सगळी कारस्थानं एका माणसाच्या भाषणात कोंबलेली, सभेत आभारप्रदर्शन चालू असल्यासारखी. पण तिसरा भाग? डॅरिन मॉर्गननं लिहिलेला? त्यात सरड्यासारखा एक प्राणी असतो. त्याला माणूस चावतो. एरवी इंग्रजी भुताच्या सिनेमात लांडगा चावल्यावर माणसाचा लांडगा होतो, इथं उलटंच, चावल्यामुळं हा बिचारा दिवसा माणूस व्हायला लागतो. आणि माणूस झाल्याबरोबर त्याला काय सुचतं? कपडे हवेत, नोकरी हवी. मोबाइलच्या दुकानात चिकटतो, थापा मारायला शिकतो आणि नोकरीला वैतागतो, पण सोडायची हिंमत होत नाही. मी पोट धरून हसलो, आणि मग गप झालो, कारण दुसऱ्या दिवशी हप्ता भरायचा होता.

हे मी टपरीवर सांगायला गेलो. म्हणलं, पहिला भंगार आहे, तिसरा सोनं आहे. तर आडत्या म्हणतो, "म्हणजे तुला आवडलं." मी म्हणलं, पहिला नाही आवडला. मास्तर म्हणतात, "म्हणजे नाही आवडलं." अहो, मला दोन्ही म्हणायचंय! ह्यात काय अवघड आहे? घरात पाच पदार्थ केले तर भाजी खारट झाली आणि वरण झकास झालं असं आपण म्हणत नाही का? (म्हणत नाही, मान्य. माझ्या घरात तर अजिबातच नाही.) पण ह्यांना माणूस पॅनलमध्येच पाहिजे. सरपंचाच्या निवडणुकीत तिसरीकडं उभा राहिलेला जसा दोन्हीकडून शिव्या खातो, तसा मी गेली काही वर्षं खातोय, तेही स्वतःच्या पैशाचा चहा पीत.

इथून तासाभराच्या वाटेवर, रस्ता धड असला तर, औंढा नागनाथजवळ लायगो, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा, उभी करायलेत. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, २६०० कोटींचं काम. प्रोटॉनपेक्षाही हजारो पट बारीक हालचाल मोजणारं यंत्र! आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या आमच्या टपरीवरच्या काट्याला दोनच खुणा. 'भारी' आणि 'भंगार'. मधलं माप आलंच नाही कधी.

बरं, २०१८ ला आलेल्या पुढच्या सीझनचं दुखणं वेगळंच. आधीच्या सीझनच्या शेवटी जगभर साथ पसरलेली, मुल्डर मरायला टेकलेला, पुलावर मॅडमच्या डोक्यावर यान येऊन थांबलं आणि पडदा. आम्ही जवळपास दोन वर्षं त्या यानाखाली उभे! आणि २०१८ च्या जानेवारीत काय कळलं, तर तसं काही घडलंच नव्हतं, मॅडमला दृष्टान्त झाला होता म्हणे. दृष्टान्त! आमच्या आजीला झाला तर आम्ही पंढरीला जायचो, ह्यांनी सीझन काढला. त्यावर आडत्या जेवढा भडकला तेवढाच मी भडकलो. त्या दिवशी तरी वाटलं होतं, आता आमचं जमलं.

पण त्याच सीझनमध्ये तो भाग आहे ना, ज्यात जवळपास कुणी बोलतच नाही! मुल्डर यंत्रांनी चालवलेल्या हॉटेलात जातो, भलताच मासा पुढ्यात येतो, तो टिप देत नाही, आणि मग शहरातली झाडून सगळी यंत्रं दोघांच्या मागं लागतात. इंग्रजी कळत नाही अशी तक्रार करायलाही त्यात जागा नाही. मी मास्तरांना म्हणलं, एवढा एक बघा. म्हणे, "पहिला भाग बघून सोडलं मी. कळालं मला काय ते." पोत्यातले चार दाणे बघून आडत्यासुद्धा भाव करत नाही, बंबी घालून आतला माल काढतो!

ह्यांना १९७८ ची बॅटलस्टार गॅलॅक्टिका ही अंतराळातली अमेरिकन मालिका माहीत नसेल. २००३ ला ती नव्यानं आली तेव्हा स्टारबक हे पुरुषाचं पात्र बाई केलं म्हणून जुन्या चाहत्यांनी बघायच्या आधीच बोंब ठोकली होती. पुढं त्याच मालिकेला पीबडी हा टीव्ही-रेडिओतला मानाचा अमेरिकन पुरस्कार मिळाला. बोंब ठोकणाऱ्यांपैकी कुणी परत येऊन "चुकलं बुवा" म्हणलं का, विचारा. आमच्याकडचा तर कुणीच म्हणणार नाही, तोपर्यंत तो दुसऱ्या कशाचं तरी वाटोळं जाहीर करून बसलेला असतो.

आज दुपारी भाच्याचा मेसेज. पोरगं बावीस वर्षांचं, जुनं काही पाहिलेलं नाही. "मामा, नवीन एक्स-फाइल्स बघू नका, बकवास आहे म्हणतायत." मी लिहिलं, कोण म्हणतंय? तर एका रीलची लिंक. उघडली. तीस सेकंदांची. बोलणाऱ्यानंही काही बघितलेलं नव्हतं.

लिहितोय तेवढ्यात लाईट गेली. फोनवर अकरा टक्के उरलेत. टपरीवरून आडत्याचा फोन यायलाय, उचलत नाही.