दहा डॉलरची जाहिरात आणि आमचे मामा

मामांनी फॅमिली ग्रुपवर लिहिलं, "तिकडं जाऊन त्यांचा इतिहास शिकतीस, आपला कोण शिकणार?" खाली दोन अंगठे, एक भगवा झेंडा. मी टाइप करायला घेतलं आणि ते इतकं लांबलं की म्हटलं ग्रुपवर नको, इथेच लिहावं.

आधी खुलासा. मी हौसेने इतिहास घेतलेला नाही. टेक्सासमध्ये सरकारी कॉलेजातून डिग्री हवी तर अमेरिकन इतिहासाचे ६ क्रेडिट घ्यावेच लागतात, कायदाच आहे तसा, मग तुम्ही नर्सिंग करा नाहीतर माझ्यासारखं चाळिशीत अकाउंटिंग. त्यातला पहिला कोर्स हिस्ट्री १३०१, म्हणजे युरोपियन यायच्या आधीपासून ते १८७७ पर्यंत. साताऱ्यात बीएससी केलेल्या माझा इतिहासाशी शेवटचा संबंध दहावीच्या पेपरात, "टीपा लिहा, कोणत्याही दोन". तेव्हा वाटलं, सनावळ्या पाठ करू आणि सुटू. जेम्सटाउन ही इंग्रजांची वसाहत १६०७, इंग्रजांना घेऊन आलेलं मेफ्लॉवर जहाज १६२०, झालं.

तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात व्हर्जिनियाचा, म्हणजे तेव्हाच्या इंग्रज वसाहतीचा, १६६२ चा कायदा आला. इंग्रजांच्या रिवाजाप्रमाणे मूल बापाचं, पण ह्या कायद्याने ठरवलं की मूल आईच्या दर्जाचं. आई गुलाम तर मूलही गुलाम. एका वाक्याचा कायदा, पण त्यात काय काय बसलंय बघा, मालकापासून गुलाम बाईला झालेलं मूल आपोआप मालकाची मालमत्ता, म्हणजे बापाची जबाबदारी शून्य आणि वर फायदा. वर्गात शेजारी बसणारा मुलगा, दिवसा ट्रक चालवतो, तो नुसता "मॅन..." म्हणून गप्प बसला. मला जन्मावरून माणसाची पायरी ठरवायची पद्धत काही नवीन नव्हती, पण ती अमुक साली अमुक लोकांनी सभेत बसून ठरवली असा कागद मी पहिल्यांदा बघत होते.

मग ती जाहिरात. मे १७९६, फिलाडेल्फियाचा पेपर. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या घरातून ओनी जज नावाची मुलगी पळाली आहे, वय सुमारे २०, चेहऱ्यावर वांग, डोळे काळेभोर, जवळ चांगलेचुंगले कपडे भरपूर, आणून देणाऱ्याला १० डॉलर. प्रोफेसरांनी प्रश्न एकच दिला, जाहिरात देणाऱ्याला सांगायचं नव्हतं पण सांगून बसला असं ह्यात काय आहे? मी तो कागद चार वेळा वाचला. त्यात एक वाक्य आहे, ती जाईल असा संशय नव्हता आणि तिने जावं असं काही घडलंही नव्हतं. घडलं कसं नव्हतं! मार्था वॉशिंग्टन तिला नातीच्या लग्नात आहेरात देणार होत्या. शिवाय पेनसिल्व्हेनियात १७८० चा कायदा होता, बाहेरून आणलेला गुलाम सलग सहा महिने राहिला तर मोकळा, म्हणून वॉशिंग्टन साहेब मुदत भरायच्या आत आपल्या गुलामांना राज्याबाहेर फिरवून आणायचे. स्वातंत्र्ययुद्धाचे सेनापती, आणि ही असली पळवाट. ओनी न्यू हॅम्पशायरला पोचली, सापडली नाही म्हणजे पत्ता लागला पण परत गेली नाही, आणि १८४८ मध्ये वारली ती कायद्याने गुलामच.

आणि ह्याच वॉशिंग्टननी मृत्युपत्रात स्वतःच्या मालकीचे १२३ गुलाम मुक्त करायला सांगितलं. हेही त्याच आठवड्यात वाचायला होतं. वर्गात कोणी पुतळा पाडा म्हणालं नाही की देशद्रोही म्हणालं नाही, दोन्ही कागद टेबलावर होते आणि निबंध दोन्हींवर होता.

आता मामा म्हणतील, म्हणजे तिकडचे शहाणे आणि आम्ही येडे. अजिबात नाही. वर्गाच्या बाहेर इथेही तीच मारामारी चालू आहे. न्यूयॉर्क टाइम्सने २०१९ मध्ये १६१९ पासून, म्हणजे पहिले आफ्रिकन गुलाम व्हर्जिनियात उतरले तिथून देशाची गोष्ट सांगितली, तर ट्रम्पनी उत्तर म्हणून १७७६ आयोग काढला (१७७६ म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याचं साल), बायडेननी आल्या दिवशी तो गुंडाळला, २०२५ मध्ये ट्रम्प परत आले आणि अमेरिकन इतिहासात सत्य आणि शहाणपण परत आणायचा हुकूम काढला. नाव वाचूनच आपल्याकडच्या कुठल्यातरी समितीची आठवण झाली. आणि वर्ग म्हणाल तर अर्धे झोपेत, निबंध चॅटजीपीटीकडून लिहून घेणारेही आहेत. आदर्श वगैरे काही नाही.

पण एक गोष्ट मला खरंच खुपते. एनसीईआरटीच्या आठवीच्या पुस्तकातल्या नकाशात जैसलमेर मराठ्यांकडे दाखवलं म्हणून २०२५ मध्ये केवढा गदारोळ झाला, आमच्या ग्रुपवर तर आठवडाभर युद्ध, आणि ग्रुपवरच्या त्या सगळ्या भांडणात तो नकाशा कुठल्या कागदावरून काढलाय हे एकानेही विचारलं नाही. मीही नाही! आपलं भांडण कायम किती मोठं आणि कोणाचं ह्यावर. चौथीत महाराजांचं पुस्तक वाचून जो अंगावर काटा यायचा तो मला अजूनही येतो आणि तो यावाच, पण चाळिशीतही आपण चौथीचंच पुस्तक घेऊन भांडत असू तर काय? सायन्सला गेलेल्यांना पुढे इतिहास नाहीच, आणि ग्रुपवर सगळ्यात जोरात कोण असतं, तर इंजिनीयर.

ओनीची जाहिरात वाचताना मला पेशवाईतल्या कुणबिणी आठवल्या. विकत घेतलेल्या, दिलेल्या, सरकारवाड्यात कामाला ठेवलेल्या बायका, दफ्तरांतून त्यांच्या किमतीसुद्धा आहेत. पुण्याला पेशवे दफ्तरात रुमालच्या रुमाल, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांचे गठ्ठे, पडलेत, मोडी वाचणारे मात्र मोजके. वॉशिंग्टन आणि सवाई माधवराव, काळ तोच. १७९६ साली फिलाडेल्फियात काय चाललं होतं ते मला माहीत, शनिवारवाड्यात काय चाललं होतं ते नाही, एवढ्यापुरतं मामांचं म्हणणं बरोबर आहे, कारण मात्र ते समजतात ते नाही.

(जाता जाता: यॉर्कटाउनला १७८१ मध्ये ज्याचं सैन्य वॉशिंग्टनला शरण गेलं तो कॉर्नवॉलिस पुढे आपल्याकडे गव्हर्नर जनरल म्हणून आला, आणि १७९२ मध्ये त्याने टिपूला नमवलं तेव्हा मराठे त्याच्या बाजूने होते. वर्गात हे मी सांगितलं तर प्रोफेसरच वही काढून बसले.)

कोर्सच्या शेवटी आणखी एक धक्का. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, त्यांनी गुलामांना दास्यातून सोडवलं म्हणून, आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता घ्यावा ह्या आशेने. हे मला शाळेपासून माहीत होतं आणि अभिमान होता. पण त्याच वर्षी, एप्रिल १८७३ मध्ये, लुइझियानात कोलफॅक्सला गोऱ्यांच्या टोळीने डझनावारी काळ्या लोकांना मारलं, आणि पुढच्या तीन-चार वर्षांत त्या सदाचारी लोकांनी दक्षिणेतल्या काळ्यांच्या संरक्षणातून हात झटकले, १८७७ पर्यंत ते संपलंच. म्हणूनच आमचा कोर्स १८७७ ला थांबतो. पुण्यात बसून फुल्यांना ह्यातलं किती कळत असेल, बातमी कुठल्या पेपरातून येत असेल, हे मला आता शोधायचंय. मामा, हा तुमचा इतिहास की माझ्या कॉलेजचा, सांगा.

एवढं सगळं फोनवर ऐकून घेतल्यावर मामा थोडे थांबले आणि म्हणाले, "माळ्यावर आपल्या ट्रंकेत मोडीतली कागदं हायती, आबांच्या आधीची. वाचतंय कोण?" म्हटलं, फोटो पाठवा. काल चार आलेत. दोनांवर मामांच्या अंगठ्याची सावली. मी झूम करून करून बघितले, अक्षर एक लागत नाही, फक्त आकडे ओळखीचे वाटतात. एका कागदावर शेवटी ३५ आहे, रुपये असावेत. कशाचे ते कळत नाही.