डूम पाच मिनिटांत चालला, आयजीआयने रात्र खाल्ली

मे महिन्याची सुट्टी, भाचा मुक्कामी. वय तेरा. परवा जेवणं झाल्यावर म्हणाला, "मामा, तू लहानपणी कुठले गेम खेळायचास?" हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून मी वीसेक वर्षं वाट बघतोय. दहा मिनिटांत माळ्यावरचं सीडीचं पाउच खाली आलं.

लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नाही हे पाउच उघडल्यावर लक्षात आलं. लग्नाच्या शूटिंगवाल्या एका मित्राकडे यूएसबीवर चालणारा ड्राइव्ह होता, तो रात्री साडेनऊला जाऊन आणला. बायकोने फक्त बघितलं, बोलली काही नाही.

पहिली सीडी अर्थातच प्रोजेक्ट आयजीआय, शत्रूच्या तळात चोरून शिरायचा नेमबाजीचा गेम. ज्यांची शाळा-कॉलेजची वर्षं २००० नंतरच्या सायबर कॅफेत गेली त्यांना जास्त सांगायला नको. आमच्या सांगलीत तासाला वीस रुपये द्यायचे, त्यातली पंधरा मिनिटं मेल बघायच्या नावाखाली आणि उरलेली कुंपणाखाली बसून पहारेकऱ्याची पाठ वळायची वाट बघण्यात. माझी सीडी फुटपाथवरची, "१० इन १". सेटअपवर डबल क्लिक केलं आणि निळी पाटी आली: हे ॲप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही. भाचा म्हणाला, "मामा, हे मेलेलं आहे."

मेलेलं नव्हतं. त्या सीडीवर गेम ३२ बिटचा, पण ज्या कुणी दहा गेम एका सीडीत कोंबले त्याने वापरलेला इन्स्टॉलर १६ बिटचा. ६४ बिटचं विंडोज ३२ बिटचे प्रोग्राम बिनतक्रार चालवतं, १६ बिटच्यांना मात्र उंबऱ्याच्या आत घेतच नाही. म्हणजे घर शाबूत आहे, फाटकाची किल्ली गंजली आहे. त्या काळातल्या कितीतरी विकतच्या गेमचंही असंच आहे. गेम आजही चालेल, त्याचं सेटअप चालणार नाही.

आयजीआय बाजूला ठेवला आणि पोराचा उत्साह टिकावा म्हणून डूम काढला. डूम म्हणजे राक्षसांवर गोळ्या झाडायचा गेम, १९९३चा, विंडोजच्या आधीच्या डॉसवरचा. आयजीआय २०००च्या डिसेंबरातला. सात वर्षांनी म्हातारा असलेला गेम जास्त छळणार असं कुणालाही वाटेल. जुन्या सीडीवरून मी फक्त एक फाइल उचलली, जिच्यात सगळे नकाशे, चित्रं आणि आवाज असतात ती वॅड फाइल. इंटरनेटवरून क्रिस्पी डूम, म्हणजे ती फाइल आजच्या संगणकावर चालवणारा लोकांनी केलेला प्रोग्राम, उतरवला, दोन्ही एका फोल्डरमध्ये ठेवले. पाच मिनिटं. ई१एम१चं, म्हणजे पहिल्याच नकाशाचं, ते घणघणतं संगीत सुरू झालं आणि बायको बाहेरच्या खोलीतून म्हणाली, "आवाज कमी."

आणि नंतर विकत घेतलेल्या अधिकृत आयजीआयला धड चालवण्यात रात्रीचे पावणेदोन वाजले. या उलट्या हिशोबासाठीच ही पोस्ट लिहितोय.

डूमच्या मागे जॉन कारमॅक नावाचा प्रोग्रामर होता. गेमचा धंदा जोरात असतानाच त्याचा एक हट्ट असायचा: नवं इंजिन, म्हणजे गेम ज्याच्यावर चालतो तो प्रोग्राम, तयार झालं की जुन्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, लोकांना देऊन टाकायचा. डूमचा कोड १९९७च्या डिसेंबरात बाहेर आला, त्यांच्याच पुढच्या गेमचा, क्वेकचा, १९९९च्या डिसेंबरात, क्वेक ३ चा २००५ साली. लक्षात घ्या, गेम फुकट नाही केला. नकाशे, चित्रं, राक्षस आजही विकतच घ्यायचे. दिलं ते इंजिन. वाड्याची मालकी आपली, पण नकाशा गवंड्यांना वाटून टाकला, असं. मग ज्याला जी भिंत पडकी दिसली त्याने ती बांधली. नवीन विंडोज आलं, दुरुस्ती झाली. मॅक आला, झाली. फोन आले, झाली. डूम आज प्रिंटरच्या पडद्यावरही चालतो याचं लोकांना हसू येतं, पण त्या विनोदाचं मूळ १९९७च्या त्या एका निर्णयात आहे.

"अहो, कंपन्यांना कोड देता येत नाही, त्यात दुसऱ्यांची मालकी असते," हे मी गेमिंगवाल्या मित्रांकडून शंभरदा ऐकलंय. खरंय, असते. डूमच्या डॉस आवृत्तीतली आवाजाची लायब्ररी बाहेरून परवाना घेऊन आणलेली होती, ती देता येईना. म्हणून त्यांनी लिनक्स आवृत्तीचा कोड दिला, आणि आवाजाचं लोकांनी आपलं आपण बघितलं. डूम ३ चा कोड २०११ साली द्यायच्या वेळी सावल्या पाडण्याची एक पद्धत पेटंटच्या कचाट्यात सापडली. कारमॅकने बसून तेवढा तुकडा नव्याने लिहिला आणि कोड दिला. इच्छा असली की वकिलातूनही वाट निघते. नसली की वीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या गेमचा कोडही कुठल्यातरी तिजोरीत "आमची बौद्धिक संपदा" म्हणून कुजत पडतो. ती संपदा उघडेल असा संगणक तरी त्यांच्याकडे शिल्लक आहे का, देव जाणे.

थोडं चालवण्याबद्दल, कारण इनबॉक्समध्ये विचारणारच आहात.

डूम चालवताना पहिली चूक सगळे करतात ती म्हणजे चित्र पडदाभर ताणणं. डूमचं चित्र ३२० बाय २०० ठिपक्यांचं, आणि जुन्या ४:३ मॉनिटरवर तो प्रत्येक ठिपका रुंदीपेक्षा थोडा उंच दिसायचा. चित्रकारांनी तसं धरूनच काढलंय. ते चौकोनी ठिपक्यांत आणि वर १६:९वर ताणलं की खाली मधोमध असलेला तो रक्ताळलेला चेहरा गालगुंड झाल्यासारखा दिसतो. सेटिंगमध्ये आस्पेक्ट रेशो दुरुस्त करा, गडी लगेच बारीक होतो. दुसरं म्हणजे माउस. मूळ डूममध्ये वर-खाली बघताच येत नाही. माउस पुढे ढकलला की माणूस पुढे चालतो. भाच्याने सवयीने वर बघायला माउस ढकलला आणि थेट हिरव्या डबक्यात. माउसने पुढे-मागे चालणं बंद करण्याची सोय आहे, ती करा. जीझेडडूम नावाच्या अशाच दुसऱ्या प्रोग्राममध्ये वर-खाली बघता येतं, उडीही मारता येते, पण पहिल्यांदा खेळणाऱ्याने तिकडे जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. ज्या नकाशात उडी धरलेलीच नाही तिथे उडी मारणं म्हणजे बुद्धिबळात प्यादं घोड्यासारखं चालवणं.

क्वेकचं दुखणं वेगळं. थ्रीडी कार्डं आली तेव्हा ग्राफिक्स "गुळगुळीत" करण्याची फॅशन आली आणि भिंतींवरचा सगळा खडबडीतपणा साबणाने धुतल्यासारखा झाला. क्रिस्पी डूमसारखेच क्वेकसाठीचे क्वेकस्पाझम किंवा व्हीकेक्वेक घ्या आणि टेक्स्चरचं, म्हणजे भिंतींवर चढवलेल्या चित्रांचं, फिल्टर बंद करा. दगड पुन्हा दगडासारखा दिसतो. आणि क्वेकला संगीत आहे! हे मला तब्बल वीस वर्षांनी कळलं. नाइन इंच नेल्सच्या ट्रेंट रेझनरने केलेलं संगीत मूळ सीडीवर ऑडिओ ट्रॅक म्हणून होतं, गाण्यांच्या सीडीवर असतं तसं. माझ्या १० इन १ वाल्याने जागा वाचवायला ते उडवलं होतं. माझं अख्खं कॉलेज त्या तळघरांत मुक्याने हिंडण्यात गेलं. आता ते ट्रॅक फायली करून म्युझिक फोल्डरमध्ये ठेवले की झालं. पहिल्या रात्री हेडफोन लावून नुसता एका कोपऱ्यात उभा राहिलो होतो.

बरं, ज्यांचा कोड कुणी दिला नाही त्यांचं काय?

सगळ्यात भारी गोष्ट सिस्टिम शॉक २ ची. गेम १९९९चा. बनवणारी लुकिंग ग्लास कंपनी २०००च्या मे महिन्यात बंद पडली. पुढे एकापेक्षा जास्त कोअरचे प्रोसेसर आले आणि हा गेम त्यांच्यावर धडाधड कोसळायला लागला. लोक टास्क मॅनेजरमध्ये जाऊन त्याला एकाच कोअरवर बांधून खेळायचे, एका पायावर लंगडी घातल्यासारखे. मग २०१२च्या सप्टेंबरात, कंपनी गेल्यावर बारा वर्षांनी, एका फ्रेंच साइटवर कुणीतरी निनावी माणूस एक पॅच ठेवून गेला. नवीन विंडोज, रुंद पडदे, सगळं दुरुस्त. करणाऱ्याने नाव घेतलं होतं ल कोर्बो. फ्रेंचमध्ये म्हणजे कावळा. हे वाचलं तेव्हा मी एकटाच मोठ्याने हसलो. बारा वर्षं पिंड मांडून सगळे ताटकळत बसलेत आणि शेवटी शिवला! तो कोण हे त्याने कधी सांगितलं नाही. काही महिन्यांत, २०१३च्या फेब्रुवारीत, गेम पुन्हा विकायला आला तो त्याच पॅचच्या जिवावर.

असा कावळा दर वेळी येत नाही. ब्लड नावाच्या जुन्या गेमच्या वाट्याला दुसरं नशीब आलं: मूळ कोड आजवर बाहेर नाही, पण लोकांनी चालता प्रोग्रामच टाक्या-टाक्याने उसवून नवा शिवला, एनब्लड नावाने. नो वन लिव्ज फॉरएव्हर तर आणखी अभागी. २०००चा इतका मिश्कील नेमबाजीचा गेम, पण त्याचे हक्क कंपन्यांच्या खरेदी-विक्रीत असे वाटले गेले की जुने गेम पुन्हा बाजारात आणणाऱ्या नाइटडाइव्हसारख्या कंपन्यांनी धडपड करूनही तो पुन्हा विक्रीला आला नाही. भाऊबंदकीतली जमीन. कसत कुणी नाही, आणि तुम्ही कसायला गेलात तर सगळे कोर्टात.

कॉपीच्या कुलपाबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलतो. सेफडिस्क नावाचं एक कुलूप बऱ्याच ओरिजिनल सीड्यांवर असायचं. त्याचा ड्रायव्हर सुरक्षेला धोका आहे म्हणून २०१५ साली विंडोज १०मधून काढला, जुन्या विंडोजवरही अपडेटने बंद केला. काढला ते बरोबरच केलं. पण परिणाम बघा. पदरचे पैसे मोडून खोका घेणाऱ्याची सीडी रुसून बसते, आणि आमच्यासारख्या फुटपाथवाल्यांची क्रॅक केलेली सीडी खुशाल चालते. चोराला बक्षीस आणि गिऱ्हाइकाला शिक्षा. मी चोरांच्या बाजूला होतो, त्यामुळे फार ओरडत नाही. डूम-क्वेक आता सेलमध्ये दोन प्लेट मिसळीच्या पैशांत मिळतात. मी घेतले. उशिरा का होईना.

आता पुन्हा आयजीआयकडे. विकत घेतला, उतरवला, सुरू झाला. मग त्याची भाषा. हे गेम जुन्या डायरेक्ट एक्समध्ये बोलतात आणि आजचं ग्राफिक्स कार्ड नवीन बोलीत. मध्ये डीजीव्हूडू नावाचा दुभाषा बसवावा लागतो: त्याच्या दोन-तीन डीएलएल फायली गेमच्या फोल्डरात ठेवायच्या, त्याच्या खिडकीत रिझोल्यूशन सांगायचं, चालवून बघायचं, काळा पडदा, बंद, एक टिकमार्क काढायचा, पुन्हा. भाचा साडेबाराला झोपला. मी बसलो. पण बघा, इथे मी जे केलं ती मलमपट्टी होती. माझ्यानंतर हे करणाऱ्यालाही पहिल्यापासून हेच करावं लागणार. डूमवाल्याने एकदा दुरुस्त केलं की जगभरात दुरुस्त होतं.

आयजीआयचं इंजिन मुळात तो बनवणाऱ्या नॉर्वेच्या इनरलूप कंपनीने लढाऊ विमानांच्या एका गेमसाठी केलेलं. म्हणून तर त्या दऱ्या एवढ्या अफाट, टेकडीवरून दुर्बिणीत अख्खा तळ दिसायचा. तेव्हाच्या दुसऱ्या कुठल्या गेममध्ये मी तसं बघितलं नव्हतं. असं इंजिन कुणी उघडं केलं असतं तर आज भारतातल्या पोरांनीच त्याचं काय काय केलं असतं! इथे त्या गेमवर जितकं प्रेम झालं तितकं नॉर्वेत तरी झालं असेल का, शंका आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याला बसवलं. चित्र कधी नव्हे इतकं स्वच्छ, गवताच्या पलीकडचा टॉवर, टॉवरवरचा माणूस, सगळं स्पष्ट. त्याने शेवटच्या बराकीपर्यंत मजल मारली, कॅमेऱ्यासमोरून गेला, भोंगा वाजला आणि बराकीतून शिपाई निघतच राहिले. मेला.

"मामा, सेव्ह कुठून करायचं?"

मिशनच्या मधे सेव्ह नाही, हे त्याला सांगायचं राहूनच गेलं होतं.