मदरबोर्डवर पैसे ओतले म्हणून पीसी पळत नाही

‘पीसी असेंबल करायचाय’ म्हणणारा जो तो हल्ली मला एकच फॉरवर्ड दाखवतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मदरबोर्ड हा कणा, म्हणून बजेटचा तिसरा हिस्सा त्यावरच घाला. चिपसेट (बोर्डवरची पोर्ट आणि स्लॉट सांभाळणारी चिप) जितका वरचा, तितका वेग जास्त. छोटा बोर्ड म्हणजे तडजोड. रॅमचे चारही स्लॉट भरा. भारी बोर्ड घेतला की दहा वर्षं बघायला नको. आणि स्वस्त बोर्डवर तगडा प्रोसेसर बसवू नका.

यातलं शेवटचं वाक्य बऱ्यापैकी खरं आहे. बाकीची माझ्या भाच्याला चांगलीच महागात पडली. त्याने एक्स६७०ई चिपसेटचा बोर्ड घेतला, त्यावर सहा कोअरचा एएमडीचा रायझन ५ ७६०० प्रोसेसर बसवला आणि ग्राफिक्स कार्डाची वेळ आली तेव्हा खिसा रिकामा. चिलखतासारखे हीटसिंक (उष्णता शोषणाऱ्या धातूच्या पट्ट्या), लुकलुकणारे दिवे, आणि गेम चालतोय प्रोसेसरमधल्या चिमुकल्या ग्राफिक्सवर!

आधी वेगाचं बघू. ‘वरचा चिपसेट म्हणजे जास्त वेग’ हे एके काळी खोटं नव्हतं. तेव्हा रॅमचा कारभार बोर्डवरची नॉर्थब्रिज चिप बघायची आणि चिपसेट बदलला की फरक दिसायचा. एएमडीने हा कारभार २००३ मध्ये अॅथलॉन ६४ प्रोसेसरच्या पोटात हलवला, इंटेलने २००८ मध्ये नेहालेम पिढीपासून. आज रॅमच्या आणि मुख्य ग्राफिक्स स्लॉटच्या तारा थेट प्रोसेसरला जातात. चिपसेटकडे उरलं काय? जादाचे यूएसबी, साटा (हार्ड डिस्कचे पोर्ट), जादाचे एम.२ (एसएसडीचे) स्लॉट, नेटवर्क. म्हणजे पाहुण्यांची सरबराई. गंमत अशी की एक्स६७० म्हणजे बी६५० मध्ये असते तीच चिप, एकीला जोडून दुसरी. पोर्ट वाढले, प्रोसेसर तोच राहिला. भाच्याचा प्रोसेसर मी त्याच कूलरसह माझ्या साध्या बी६५० बोर्डवर लावून सिनेबेंच ही वेगाची चाचणी चालवली. एकाच बोर्डवर दोनदा चालवल्यावर जेवढा फरक पडतो, तेवढाच पडला. त्यानंतर भाचा बराच वेळ काही बोलला नाही.

छोट्या बोर्डाचा मुद्दा दोन ओळींचा आहे. एटीएक्स ३०५ बाय २४४ मिलिमीटर, मायक्रो एटीएक्स २४४ बाय २४४. कापलेल्या पट्टीबरोबर जातात ते खालचे एक्स्पान्शन स्लॉट. त्यांत तुम्ही शेवटचं कार्ड कधी लावलं होतं, आठवून बघा.

रॅमचे चारही स्लॉट भरण्याचा सल्ला मात्र नुसता निरुपयोगी नाही, उलटा आहे. रायझन ७००० मालिकेसाठी एएमडीचा अधिकृत वेग दोन स्टिकना डीडीआर५-५२०० आहे. चार लावल्या की तो ३६०० वर येतो. रॅम ते प्रोसेसर जाणारे रस्ते, म्हणजे चॅनल, दोनच आहेत, स्टिक वाढवून तिसरा उगवत नाही. म्हणून आठ-आठच्या चारपेक्षा सोळा-सोळाच्या दोन घ्या आणि चार स्लॉटच्या बोर्डवर त्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा. जाता जाता: एएम५ वर, म्हणजे रायझन ७००० बसतो त्या सॉकेटच्या बोर्डवर, पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन काही मिनिटं काळीच राहू शकते. बोर्ड तेव्हा रॅमशी जुळवून घेत असतो. भाच्याने तेवढ्यात तीनदा बटण दाबून बंद केला आणि ‘मामा, बोर्ड डेड आलाय’ म्हणून मला फोन केला.

आता दहा वर्षांचं. बोर्डाचं आयुष्य किंमत नाही, सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा, ठरवतं. एएम४ सॉकेट २०१६ मध्ये आलं. २०१७ मध्ये मध्यम किमतीचा बी३५० बोर्ड घेतलेल्या माणसाला २०२२ मध्ये, कंपनीने नवं बायोस (बोर्डाचं आतलं सॉफ्टवेअर) दिलं असेल तर, त्याच बोर्डवर रायझन ५००० बसवता आला. उलट इंटेलचं एलजीए१७०० सॉकेट २०२१ मध्ये आलं, बारावी ते चौदावी पिढी त्यावर झाली आणि २०२४ मध्ये कोअर अल्ट्रा एलजीए१८५१ वर गेला. सर्वांत महाग झेड७९० चिपसेटवाला आणि सर्वांत स्वस्त एच६१० वाला, दोघं एकाच स्टॉपवर उतरले. भर म्हणजे त्या पिढ्यांत डीडीआर४ चे आणि डीडीआर५ चे बोर्ड वेगवेगळे. एकाची रॅम दुसऱ्यात बसतच नाही.

राहिला शेवटचा, खरा मुद्दा. प्रोसेसरला वीज पुरवणारं व्हीआरएम स्वस्त बोर्डवर अशक्त असू शकतं. पण कोणासाठी अशक्त? रायझन ५ ७६०० जास्तीत जास्त ८८ वॅट मागतो. साधारण बरा बोर्ड ते हसत देतो. इंटेलचा आय९-१४९००के २५३ वॅटपर्यंत जातो. तो हीटसिंक नसलेल्या एच६१० वर बसवून तासभर व्हिडिओ रेंडर केलात, तर व्हीआरएम तापणार आणि प्रोसेसरचा वेग खाली येणार. विदर्भातल्या मे महिन्यात तर बघायलाच नको. खोक्यावरच्या ‘१६ फेज’ (व्हीआरएमचे भाग) वगैरे आकड्यांना भुलू नका, त्यांत जोड्या लावून फुगवलेलेही असतात. एच६१० ची खरी काटकसर वेगळीकडे बोचते: रॅमचे दोनच स्लॉट, आणि एम.२ चिपसेटवरून पीसीआयई ३.० या जुन्या, संथ मार्गावर, म्हणजे सेकंदाला साधारण साडेतीन हजार एमबीवर अडकलेला.

आणि हो, महाग बोर्ड लाइटच्या झटक्यांना पुरून उरतो, असंही त्या मेसेजखाली कोणीतरी जोडलेलं असतं. झटके झेलायला घरचं अर्थिंग, चांगला एसएमपीएस (पीसीला वीज देणारा डबा) आणि यूपीएस लागतो.

मग पैसे द्यायचे कशाचे? पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर उभे असाल तर बोर्ड उलटा करून मागचे पोर्ट मोजा, वाय-फाय आहे का विचारा, प्रोसेसरशिवाय पेन ड्राइव्हवरून बायोस टाकायचं बटण आहे का बघा. मॅन्युअल मोबाइलवर उघडा आणि बारीक अक्षरांतली एक ओळ शोधा: अमुक एम.२ भरला की अमुक साटा पोर्ट बंद. हार्ड डिस्क दिसत नाही म्हणून माझ्याकडे आलेल्या एका शेजाऱ्याचं कारण तेवढंच निघालं. आणि दुकानदारासमोरच सॉकेटचं झाकण काढून मोबाइलच्या टॉर्चमध्ये पिना बघा. एखादी वाकलेली घरी जाऊन सापडली, तर वॉरंटीत ती सहसा बसत नाही.